गाडीच्या उंचीचा ओटा

टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते माझ्या हातात आलं. वाचनालयाच्या ओट्याची लांबी मोजायची होती. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला इंजिनीअर मुलगी, आणि मधल्या बाकांवर बसलेली मंडळी आपापले पाय वर घेऊन टेपला वाट करून देत होती. पेपर मात्र कुणी खाली ठेवला नाही. तिनं आकडा वहीत टिपला, भिंतीवर पेन्सिलीनं रेघा ओढल्या आणि कार्यवाहांना म्हणाली, “तीन गाळे आरामात बसतात सर. वाचनालय मग पहिल्या मजल्यावर.” भिंतीला टेकून बसलेले आबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि विशेष कुणाकडे न बघता विचारलं, “भाऊ, मंग मी वर कसा येसू?” कार्यवाह हसून म्हणाले, “आबा, तुमचा पेपर आम्ही खाली आणून देऊ ना.” सगळे हसले. मीही हसलो. टेप सर्रकन डबीत गेली आणि चहा आला.

चहा पिताना मला कळलं, की आबांनी पेपर मागितलाच नव्हता.

आमच्या तालुक्याच्या गावातली ही इमारत मुळात वाचनालयासाठी बांधलेलीच नाही. ती कापसाची वखार होती. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडे कोण निरखून बघतो? मीही कधी बघितलं नव्हतं. टेप धरून उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की ओटा माझ्या कमरेच्या जरा खालपर्यंत येतो. वाण्याच्या दुकानाचा ओटा इतका उंच नसतो, वाड्याचाही बहुधा नसतो. ही उंची बैलगाडीच्या साट्याची आहे. गाडी मागे ढकलत ओट्याला भिडवायची, आणि गाठोडी उचलायची गरजच नाही, लोटत आत न्यायची. समोरच्या पायऱ्या पुढे कधीतरी जोडल्या आहेत. जोत्याचा दगड काळा आणि घडीव, पायऱ्यांचा दुसऱ्याच खाणीतला आणि ओबडधोबड. माणसांनी इथं चढावं, असा मूळ विचार नव्हता. दरवाजाही तसाच. वाचनालयाला एवढा रुंद दरवाजा कशाला, असा प्रश्न मला लहानपणीच पडायला हवा होता. दोन माणसं गाठोडं धरून आडवी आत शिरतील एवढा तो रुंद आहे. आत गेलं की वर सागाची तुळई. तिच्यात मनगटाएवढी जाड लोखंडी कडी. त्या कडीला तराजू टांगलेला असे, आता पंखा टांगलेला आहे.

बाकीची घडण आपल्याकडच्या जुन्या बांधकामासारखीच. सातपुड्याचं सागवान, दोन हातांहून रुंद भिंती, आत माती आणि बाहेर चुना. पहिलं छप्पर धाब्याचं होतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी वर खारी माती टाकायची, चोपून घ्यायची आणि मृगाची वाट बघायची. पुढे कधीतरी धाब्यावर चौकट उभारून मंगलोरी कौलं चढवली. समुद्रकाठच्या मंगलोरात मिशनच्या कारखान्यात १८६५पासून भाजली जाऊ लागलेली ही चपटी कौलं आगगाडीच्या कृपेनं तापीकाठी पोचली आणि पैसेवाल्यांच्या छपरावर चढून बसली. आमच्या छपरावरची काही कौलं उलटी करून मी कारखान्याची मोहोर शोधली. एकावर ती अर्धवट दिसते, बाकीच्यांवर माकडांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीत, फक्त उंचावर झरोके. कापसाला उजेड लागत नाही. उजेडाबरोबर दिवा येतो आणि दिव्याबरोबर आग. वखारीत कंदील नेत नसत. इमारत वाचनालयाला मिळाल्यावर काही वर्षं हा नियम तसाच चालू राहिला असं जुनी माणसं सांगत. आत पुस्तकं, तीही पेटणारीच. म्हणून दिवस मावळला की कुलूप. आणि दिवसासुद्धा आत इतका अंधार, की बारीक टाइप वाचायचा तर दारात यावं लागे. दारात गर्दी झाली की लोक ओट्यावर सरकत. पेपर ओट्यावर आले ते असे. ही काही कुणाची उदार योजना नव्हती, आत दिसत नव्हतं एवढंच.

मला या इमारतीचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचं. अंधारानं वाचन रस्त्यावर आणून ठेवलं.

तीन बाजूंनी उघडा ओटा, वर पडवीचं छप्पर, खाली रस्ता. रस्त्यावरून बाजार समितीकडे जाणाऱ्या गाड्या. ओट्यावर वाचणारा मोठ्यानं वाचायचा, कारण त्याच्या पिढीला मोठ्यानंच वाचायची सवय. आणि खाली बैल सोडून उभा असलेला शेतकरी विचारायचा, “आज कपाशीना काय भाव शे?” मुंबईचा भाव एक दिवस शिळा असे, तरी तो कळला की अडत्यासमोर बोलताना आवाज जरा वर चढायचा. माझे आजोबा दुसरी शिकलेले. त्यांना पेपर वाचता येत असे, पण त्यांनी तो कधी हातात घेतल्याचं मला आठवत नाही. ते पायरीवर बसत आणि ऐकत. घरी येऊन आजीला सांगताना ते “पेपरात वाचलं” म्हणत. ऐकलेलं आणि वाचलेलं यांत त्यांच्या लेखी फरक नव्हता. आबांचंही तेच. आबा निरक्षर आहेत. रोज सकाळी येतात, भिंतीला टेकून बसतात, आणि कुणी ना कुणी त्यांना वाचून दाखवतं. कोण दाखवेल हे ठरलेलं नसतं. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा असतो, निवृत्त तलाठी असतात, एकदा एसटीची वाट बघणारा परगावचा पाहुणा होता. खाली आणून दिलेला पेपर आबांच्या काय उपयोगाचा? त्यांना वाचणारा माणूस लागतो, आणि तो पहिल्या मजल्यावर गेलेला असणार.

इमारत कुणाची, याचं उत्तर आतल्या संगमरवरी पाटीवर आहे. वखार देणाऱ्या शेटजींचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. त्याखाली रकमांच्या उतरत्या क्रमानं बाकीचे. पाटी वाचताना खानदेशाचा शंभर वर्षांचा पैसा कुठून कुठे गेला ते दिसतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना एकदम आपली काळी जमीन आठवली. चार वर्षांत ते युद्ध संपलं आणि भाव कोसळला, पण तोवर लोहमार्ग आला होता, बाजार बसला होता, आणि कापूस हे सावकाराला आवडणारं पीक ठरलं होतं. मागाहून सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस आले. विसावं शतक उजाडता उजाडता सुरतेहून तापी खोऱ्याची रेल्वे अमळनेरपर्यंत पोचली. माल पश्चिमेकडे जाऊ लागला आणि पैसा गावात राहू लागला. त्या पैशातून देवळं झाली, धर्मशाळा झाल्या, शाळा झाल्या, आणि वाचनालयंही झाली.

जळगावचं वाचनालय १८७७चं, म्हणजे खानदेश जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे व्हायच्या जवळजवळ तीस वर्षं आधीचं. अमळनेरात प्रतापशेठजींनी गिरणी काढली आणि १९१६ साली चक्क तत्त्वज्ञानाचं केंद्र काढलं. कापडाच्या नफ्यावर वेदान्ताचा अभ्यास करणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. त्यांच्याच नावाच्या शाळेत साने गुरुजी १९२४पासून सहा वर्षं शिकवत होते आणि वसतिगृहातल्या पोरांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक काढत होते. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६च्या शेवटच्या दिवशी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या दप्तरांसाठी संशोधन मंडळ उभं राहिलं. जळगावच्या १९०७च्या कविसंमेलनात धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ‘बालकवी’ होऊन बाहेर पडला. बाहेरच्यांना खानदेश म्हटलं की केळी, भरीत आणि ऊन आठवतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, भरीत खरंच चांगलं असतं. पण कागदाचा नाद या मुलखाला जुना आहे.

पाटीवर एक नाव नाही. असणं शक्यही नाही. अडतीवर माल विकला की शेतकऱ्याच्या हिशोबातून हमाली, तोलाई, दलाली कापली जाई आणि त्यातच एक ओळ धर्मादायाची असे. पांजरपोळ, पाणपोई, मंदिर, शाळा, गावात जे जे सार्वजनिक असेल त्याला त्यातून पैसे जात. या कपातींबद्दल इतकी ओरड होती, की १९२८च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालातही त्यांची दखल आली. त्याच सुमारास, १९२७ साली, मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला. आमच्या वाचनालयाच्या जुन्या जमाखर्चात ‘धर्मादाय खाते’ अशी जमा बाजू दरसाल दिसते. आकडा मोठा नाही, पण चुकत नाही. शेटजींनी वखार दिली हे खरं, त्यांचे उपकार आहेत. पण त्या वखारीत वर्षानुवर्षं पेपर आणि पुस्तकं येत राहिली ती गाडीमागे कापल्या गेलेल्या आण्या-पैशांतून. ज्यांच्याकडून ते कापले गेले त्यांतल्या बहुतेकांना पाटी वाचताही आली नसती. त्यांना परत काय मिळालं, तर गाडी भिडवायचा तो ओटा. गाडी बाजूला लावून, त्याच ओट्याला टेकून, फुकट भाव ऐकायला.

इतकं लिहून मी थांबलो होतो. ओट्याची बाजू जरा जास्तच गोड झाली होती, आणि मला आईची आठवण आली.

माझी आई वाचनालयात कधी चढली नाही. आयुष्यभर ती तिथली पुस्तकं वाचत होती. मी सात-आठ वर्षांचा असताना ती माझ्या हातात जुनं पुस्तक आणि घडी घातलेली चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव क्वचितच असे. ‘मोठे द्यावे’, ‘मागचे वाचलेले होते’, ‘रडके नको’. ग्रंथपाल नाना ती चिठ्ठी वाचत, चष्मा कपाळावर सरकवत, अंधारात नाहीसे होत आणि एक पुस्तक घेऊन येत. त्यांनी आईला कधी पाहिलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा घरांतल्या बायकांच्या आवडीनिवडी त्यांना चिठ्ठ्यांवरून ठाऊक होत्या. दिवाळी अंकांच्या वेळी तर रीतसर कुरघोड्या चालत. शेजारच्या काकूंकडे अंक चार दिवस जास्त राहिला तर आईची चिठ्ठी कडक असे. हे सगळं मोठं रम्य वाटतं. पण आई का चढली नाही? तर त्या ओट्यामुळे. तीन बाजूंनी उघडा, रस्त्यावरून दिसणारा, पुरुषांनी भरलेला ओटा ओलांडल्याशिवाय पुस्तकांपर्यंत पोचता येत नव्हतं. पेपर वाचणारे वाईट नव्हते, कुणी काही बोललंही नसतं. सगळ्यांनी फक्त मान वर करून बघितलं असतं. तेवढं पुरेसं होतं. शेतकऱ्याला आत घेणारी तीच रचना माझ्या आईला बाहेर ठेवत होती. इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, आजही नाही. पुढे महिला विभाग म्हणून मागच्या बाजूला एक दार काढलं, तेही सायकलस्टँडमधून जाणारं. आईनं ते पाहिलं आणि म्हणाली, “आता राहू दे, तू आणतोसच की.”

त्यामुळे नवी इमारत नकोच, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. म्हणूही नये. मागच्या पावसाळ्यात कवितांच्या कपाटावर गळलं. नानांनंतर आलेल्या ग्रंथपाल ताई दरवर्षी मे महिन्यात पुस्तकं बाहेर काढून उन्हं दाखवतात, कपाटांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवतात, पण ओल चढलेल्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटात वाळवी येणारच. बांधणीवाल्या चाचांचं निम्मं काम याच कपाटातलं. ते खळीत मोरचूद घालून शिजवतात. निळसर, उग्र वासाची खळ असते ती, कसर तिच्या वाटेला जात नाही. त्यांनी बांधलेली पुस्तकं पाठीवरून ओळखू येतात. काळं कापड, पांढऱ्या रंगात नाव, आणि नावाखाली दाखल क्रमांक. जुन्या पुस्तकांच्या आत दोन-तीन शिक्के सापडतात. एक वाचनालयाचा गोल शिक्का, कधी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाचा, आणि कधी तरी शाळेतल्या कुणा पोराचा बटाट्यावर कोरलेला. दुपारी दोन वाजता बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत शिरलं, की कागद, चुना आणि मोरचुदाचा गार वास अंगावर येतो. कूलर न लावता इतकी थंड असणारी सार्वजनिक इमारत आमच्या गावात दुसरी नाही. नव्या इमारतीला आरसीसीचा स्लॅब पडणार. वरच्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून, मे महिन्यात पुस्तकांचं आणि माणसांचं काय होईल हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

तरीही गाळे का, हे मला कळतं, आणि कार्यवाहांवर राग धरता येत नाही तो यामुळेच. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. तामिळनाडूत, कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर गोळा होतो. आपल्या कायद्यात तसा कर नाही. सरकार अनुदान देणार आणि वाचनालयं लोकांच्या संस्था चालवणार, ही आपली पद्धत. तिच्यामुळे गावोगावी वाचनालयं निघाली हे खरं. पण अनुदान ठरलेल्या वर्गवारीनुसार, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत, हप्त्याहप्त्यानं, आणि बऱ्याचदा उशिरा. त्यातून पगार, पुस्तकं, पेपरबिल, वीज. आमच्या ग्रंथपाल ताईंकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी आहे, आणि त्यांचा पगार समोरच्या कापड दुकानातल्या मदतनिसाला सांगायची सोय नाही. तीन गाळ्यांचं भाडं आलं तर तो दुप्पट करता येईल, असा कार्यवाहांचा हिशोब आहे. तो चुकीचा नाही. महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, बसस्थानकासमोर खाली मोबाइलची आणि मिठाईची दुकानं, मधून एक अंधारा जिना, आणि जिन्याशी बाण दाखवणारी पाटी ‘वाचनालय’. ही वाचनालयं जगली ती या भाड्यावर. पण त्या जिन्यांवरून पेपर वाचायला चढणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

वर कोण येईल, तर पोरं येतील. खरं सांगायचं तर आज वाचनालय त्यांचंच आहे. मागच्या खोलीत अभ्यासिका आहे, सकाळी सहाला भरते, रात्री दहाला रिकामी होते. तलाठी, पोलीस, रेल्वे, एमपीएससी. शिरपूर-शहाद्याकडच्या पाड्यांवरून आलेली मुलं आहेत, खोली घेऊन राहतात, डबा लावतात. मुली आहेत, वीस-पंचवीस तरी, आणि सायकलस्टँडमधल्या त्या मागच्या दारानं येतात. कपाटातलं एकही पुस्तक ती घेत नाहीत. त्यांना टेबल हवं, प्लग हवा, वायफाय हवं आणि शांतता हवी. ओट्यावरच्या मोठ्यानं वाचण्याचा त्यांना त्रास होतो, तशी लेखी तक्रारही आहे. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. बावीस वर्षांच्या मुलीला घरून एक वर्षाची मुदत मिळाली असेल, तर तिच्या कानावर सोयाबीनचा भाव पडू नये हे बरोबरच आहे. तिच्यासाठी पहिला मजला उत्तम. एका छपराखाली दोन वाचनालयं आहेत. एकाला शांतता लागते आणि दुसरं आवाजावर चालतं. जुन्या इमारतीनं त्यांना मागे आणि पुढे ठेवून भांडण टाळलं होतं, नवा नकाशा एकाला ठेवून दुसऱ्याला काढतो आहे.

त्या रात्री मी कार्यवाहांकडे गेलो. आमचं जुनं नातं आहे, मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो आणि ते मला मास्तर. मी म्हटलं, एक गाळा कमी करा, त्या जागी रस्त्याला लागून पेपरांचा उघडा ओटा ठेवा. पुस्तकं आणि अभ्यासिका वर न्या, माझी हरकत नाही. वरती मुलींसाठी सोयी करा, लिफ्ट करा. पण पेपर खाली. ते म्हणाले, “मास्तर, दर्शनी गाळा आहे तो. त्याचंच भाडं सगळ्यात जास्त.” मी धर्मादायाचं जुनं खातं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पानं उलटली, दोन-तीन नावांवर बोट ठेवून “हे आमच्या आजोबांचे अडते” वगैरे सांगितलं, आणि खातं बंद केलं. “हे सगळं खरंय. पण ताईंचा पगार कुठून देऊ ते सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघताना तेच म्हणाले, की तीन वर्षांहून जास्त मुदतीनं गाळे द्यायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तिथं ठराव लागतो, आणि ठराव सर्वसाधारण सभेत होतो. “सभेत मांडा. बहुमत झालं तर माझी काय हरकत?”

इंजिनीअर मुलीनं मात्र दुसरा नकाशा काढून दिला, न मागता. ती इथलीच आहे, गल्लीतून कॉलेजला जाताना रोज ओट्यावरून बघितली गेलेली. मी म्हटलं, “तुला तर ओटा गेलेला बरा वाटेल.” ती म्हणाली, “काका, बसायचा बाक भिंतीकडे नको, रस्त्याकडे पाठ करून ठेवू. म्हणजे बघणारे आत बघतील, पेपराकडे. आणि मुलींचा जिना ओट्यावरून न जाता बाजूनं.” इतका साधा उपाय पन्नास वर्षांत कुणाला सुचला नव्हता. दुसऱ्या नकाशात दोन गाळे आहेत, त्यांच्या शेजारी अठरा फुटांचा ओटा आहे, आणि त्याची उंची तिनं गुडघ्याएवढी केली आहे. बैलगाडी येत नाही, तर कमरेएवढा चढ कशाला, असं तिचं म्हणणं. काळ्या दगडाचं जोतं उकलून तोच दगड परत वापरता येईल, सागाच्या तुळया वरच्या वाचनकक्षाला लागतील. तराजूच्या कडीचं काय करायचं ते तिनं प्रश्नचिन्ह टाकून सोडलं आहे.

आता सभा. सभेची नोटीस फळ्यावर लागली आहे. मतदानाचा हक्क वर्गणीदार सभासदांना, थकबाकी असेल तर नाही. मी सभासदांची यादी मागून घेतली आणि ओट्यावर रोज बसणाऱ्यांची नावं तिच्यात शोधली. निवृत्त तलाठी सापडले. बाकी कुणी नाही. असणार कसे? पेपर फुकट आहे, फुकट वाचायला सभासद व्हावं लागत नाही, म्हणून तर ते येतात. अभ्यासिकेची पोरं सभासद आहेत, कारण अभ्यासिकेला पावती लागते. आबांचं नाव पाटीवर नाही, यादीत नाही, आणि सभेच्या दिवशी ते नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून बसलेले असतील तेव्हा आत हात वर होत असतील.

तेव्हा तलाठी आणि मी मिळून पावतीपुस्तक मागवलं आहे. प्रवेश फी आणि वर्षाची वर्गणी मिळून फार नाही, दोन पिशव्या कपाशी वेचायच्या मजुरीत बसेल. ज्यांना जड जाईल त्यांची आम्ही बघू. काल सकाळी आम्ही ओट्यावर बसून फॉर्म भरले. आबांच्या फॉर्मवर ‘सही’ या रकान्यापाशी लिपिक अडला. अंगठा चालतो का, म्हणून त्यानं आत जाऊन ताईंना विचारलं. ताईंनी संस्थेची घटना काढली, ती टाइप केलेली, पिवळी, कडा कुरतडलेली, आणि उभ्यानंच सभासदत्वाचं कलम वाचून काढलं. अठरा वर्षं पूर्ण असावीत, गावचा रहिवासी असावा, वर्गणी भरलेली असावी. सभासदाला वाचता यायला हवं, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. ताईंनी शाईचा पॅड पुढे केला.